बंदिस्त मालवाहू ट्रेलर घेताना आधी काटा, मग फूटपट्टी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण फर्निचर बसवण्याची कामे करता. यंत्रे, अवजारे आणि प्लायचे तक्ते पावसापासून व चोरांपासून सुरक्षित राहावेत म्हणून आपल्याला बंदिस्त ट्रेलर घ्यायचा आहे, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातून मोटारसायकलही न्यायची आहे. आपल्यासमोर दोन ट्रेलर आहेत. एक सहा फूट रुंद, बारा फूट लांब, एका ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच आसाचा, आणि बिनब्रेकचा आहे; त्याची एकूण वजनमर्यादा १,३५० किलो आणि रिकामे वजन ५९० किलो आहे. दुसरा सात फूट रुंद, चौदा फूट लांब, दोन ॲक्सलचा आणि चारही चाकांना ब्रेक असलेला आहे. त्याची मर्यादा ३,१७५ किलो आणि रिकामे वजन १,००० किलो आहे. आपल्या गाडीची ओढक्षमता २,२५० किलो असून तिच्या हिचवर, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या भागावर, २२५ किलोपर्यंत भार चालतो. पहिला पुरेल का, दुसरा जास्त होईल का, आणि नवा घ्यावा की वापरलेला, असे आपण विचारले आहे.

आपल्या आकड्यांवरून पहिला ट्रेलर पुरणार नाही. दुसरा पुरेल, पण आपल्या गाडीच्या मानाने जेमतेम. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा पर्याय आहे, आणि तो आपल्याला विक्रेत्याने दाखवलेला दिसत नाही. मी गेली अनेक वर्षे असे ट्रेलर ओढतो, दुरुस्त करतो आणि ओळखीच्या लोकांना पारखूनही देतो. स्वतःसाठी घेतलेला पहिला ट्रेलर मात्र मी चुकीचाच घेतला होता, कारण मी फूटपट्टी घेऊन गेलो होतो आणि वजनाचा विचार नंतर केला. सामान मावते आहे म्हणजे ट्रेलर पुरतो आहे, असा माझा समज होता.

प्रत्येक ट्रेलरच्या दांडीवर, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या भागावर, किंवा खोक्याच्या पुढच्या कोपऱ्यात रिव्हेट मारून बसवलेली एक लहानशी पाटी असते. तिच्यावरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा एकूण वजनमर्यादेचा असतो. ट्रेलरचे स्वतःचे वजन आणि आतला माल मिळून त्या आकड्यापलीकडे जाता कामा नये. त्यातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केल्यावर जे उरते तेवढाच माल आपल्याला भरता येतो. माहितीपत्रकातले रिकामे वजन बहुधा अगदी साध्या, काहीही जादा न बसवलेल्या ट्रेलरचे असते. त्यावर भिंतींना प्लाय लागला, मागे रॅम्पचे दार आले, स्टेपनी आणि छतावरची जाळी बसली, की तो आकडा शंभर-दीडशे किलोंनी सहज वाढतो आणि तेवढाच माल कमी होतो. म्हणून विक्रेत्याला त्याच ट्रेलरचा काटा करून द्यायला सांगावे. जो विक्रेता त्याला तयार होत नाही, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

आता आपला माल मांडून पाहू. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायचा तक्ता लाकडाच्या जातीप्रमाणे साधारण ३० ते ३५ किलो भरतो. एका वेळी बारा तक्ते न्यायचे म्हटले तर ३८० किलो तिथेच झाले. टेबल सॉ, कॉम्प्रेसर, ड्रिल, क्लॅम्प आणि पेट्या मिळून ३२० किलो धरू. आत बसवलेल्या मांडण्या आणि खणांचे ९० किलो होतील, आणि शिडी, बांधायचे पट्टे, जॅक व किरकोळ डबे-बाटल्यांचे ७०. ही बेरीज ८६० किलो होते. पहिल्या ट्रेलरमध्ये जागा आहे ७६० किलोंची. म्हणजे मोटारसायकलचा विषय निघण्यापूर्वीच आपण शंभर किलोंनी पुढे गेलो, आणि तेही माहितीपत्रकातले वजन खरे मानून.

यावर आपल्याला एक युक्तिवाद ऐकवला जाईल, तो आधीच सांगून ठेवतो. खाली लावलेला ॲक्सल ३,५०० पौंडांचा, म्हणजे जवळपास १,५९० किलोंचा आहे, तेव्हा पाटीवर १,३५० लिहिले असले तरी शंभर-दोनशे किलो जास्त भरल्याने काही बिघडत नाही, असे विक्रेते सांगतात. ॲक्सलपुरते ते खरेही असू शकेल. पण अनेक ठिकाणी ठरावीक वजनापलीकडच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक असते, आणि त्या रेषेच्या जरा खाली राहण्यासाठीच उत्पादक पाटीवर कमी आकडा छापतात. युरोपात ही रेषा ७५० किलोंवर आहे, तर अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये ती ३,००० पौंडांवर असल्याने २,९९० पौंडांच्या पाट्या तिथे सर्रास दिसतात. अशा ट्रेलरची चाके जास्त वजन पेलतील, पण ते वजन थांबवण्याचे काम एकट्या ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर पडते. ओल्या उतारावर दीड टनाचा खोका मागून ढकलू लागला म्हणजे काय होते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो या युक्तिवादावर वाद घालत बसत नाही.

दुसऱ्या ट्रेलरचा हिशेब उलट बाजूने करावा लागतो. कागदावर तो २,१७५ किलो माल घेतो, पण आपली गाडी एकूण २,२५० किलोच ओढू शकते. त्यातले १,००० किलो ट्रेलरनेच खाल्ले, त्यामुळे आपल्यासाठी त्याची खरी क्षमता १,२५० किलो उरते. आपल्या ८६० किलोंसह भरलेला ट्रेलर १,८६० किलोंचा होईल, हे ठीक आहे. आता दांडीवरचा भार पाहा. हिचवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जोडल्या जाणाऱ्या साध्या ट्रेलरमध्ये भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा असा संकेत आहे. १,८६० किलोंचे १२ टक्के म्हणजे २२३ किलो होतात आणि आपली मर्यादा २२५ आहे. ओढक्षमता अजून जवळपास चारशे किलोंनी शिल्लक दिसत असली तरी हिचची मर्यादा इथेच संपते. बहुतेक लोक ओढक्षमतेचा एकच आकडा लक्षात ठेवतात, पण व्यवहारात आधी संपतो तो हा दुसरा आकडा. त्यातही हिचवरचा हा भार गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेत मोजला जातो, त्यामुळे गाडीत चार माणसे आणि डिकीत सामान असेल तर तीही मर्यादा तपासावी लागते. युरोपीय घडणीच्या गाड्यांना आणि ट्रेलरांना हिचवर पुष्कळ कमी भार मान्य असतो. तिथे टक्केवारीच्या मागे न लागता गाडी, हिच आणि ट्रेलर यांच्या मर्यादांपैकी जी सर्वांत लहान असेल तिच्या आत, पण तिच्या जवळ राहावे.

दांडीवर भार कमी पडला तर काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे, कारण हलकी दांडी जोडायला सोपी असते. माझ्या त्या पहिल्या ट्रेलरमध्ये जड पेट्या दाराजवळ हाताला याव्यात म्हणून मी मागे ठेवत असे. एकदा उतारावर एका मोठ्या ट्रकने ओलांडले, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर शेपूट हलवू लागला. पहिला हेलकावा लहान होता, दुसरा त्याहून मोठा, आणि तिसऱ्याला गाडीचा मागचा भागच उचलल्यासारखा बाजूला सरकला. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, आणि ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने लावायचे. माझ्या ट्रेलरला ब्रेकच नव्हते, केवळ उतार संपला म्हणून मी वाचलो. घरी येऊन सगळ्या पेट्या पुढे हलवल्या, तेव्हापासून त्याने पुन्हा कधी तसे केले नाही. सुमारे साठ टक्के माल ॲक्सलच्या पुढे आणि चाळीस टक्के मागे, ही ढोबळ वाटणी पुष्कळदा दांडीवर योग्य भार आणून देते. मांडण्या कुठे बसवायच्या हे खरेदीच्या आधी कागदावर आखले पाहिजे ते यासाठीच.

डावी-उजवी बाजूही विसरू नये. प्लायचे तक्ते आडवे टाकले तर सगळी जमीन अडते, म्हणून आपण ते भिंतीला टेकवून उभेच ठेवाल. मग ३८० किलो एकाच भिंतीशी जातात, एका बाजूचे टायर आणि कमानपाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, कायम दबलेले राहतात आणि वळणावर खोका त्या बाजूला कलतो. टेबल सॉ, कॉम्प्रेसर आणि पेट्यांचे खण समोरच्या भिंतीला बसवावेत, म्हणजे ते वजन परस्परांना तोलते.

तिसरा पर्याय असा आहे की, लांबी बारा फूटच ठेवावी, रुंदी सहा फूट चालेल, पण ॲक्सल दोन आणि चारही चाकांना ब्रेक घ्यावेत. असा ट्रेलर रिकामा साधारण ७५० ते ८०० किलोंचा असतो. आपल्या मालासह तो साडेसोळाशे किलोंच्या आसपास राहील आणि दांडीवर १२ टक्के म्हणजे दोनशे किलोंच्या आत भार येईल. गाडीच्या प्रत्येक मर्यादेत थोडी सवड उरेल. मोटारसायकल न्यायच्या दिवशी प्लाय उतरवून ठेवला की प्रश्न मिटतो. चौदा फुटांचा मोह मला कळतो, पण माणसाचे घर आणि ट्रेलर कितीही मोठे घेतले तरी भरतातच, आणि ट्रेलरच्या बाबतीत ते भरणे गाडीला सोसावे लागते.

दोन ॲक्सल केवळ वजनासाठी घ्यायचे नसतात. वेगात असताना एक टायर फुटला तर शेजारचा टायर खोका सांभाळतो आणि आपण रस्त्याच्या कडेला येऊ शकतो. ट्रेलर सरळही चालतो. बदल्यात टायर, बेअरिंग आणि ब्रेक यांची देखभाल दुप्पट होते, तीव्र वळणावर टायर आडवे घासतात, आणि रिकामा ट्रेलरसुद्धा हाताने ढकलून कोपऱ्यात लावणे जवळजवळ अशक्य होते. एका ॲक्सलचा ट्रेलर दोन माणसे मिळून सहज फिरवू शकतात. ठेवायची जागा अरुंद असेल तर याचा आधी विचार करावा.

ॲक्सल कमानपाट्यांवर बसवलेला असतो किंवा रबरी टॉर्शन पद्धतीचा, म्हणजे आतले रबर पिळले जाऊन धक्के सोसणारा असतो. टॉर्शनचा ॲक्सल मऊ चालतो, खोका थोडा खाली बसतो आणि आवाज कमी करतो. कमानपाट्यांचा खडखडाट जास्त, पण पाटा तुटला तर तो कुठल्याही साध्या गॅरेजात बदलता येतो. टॉर्शनमधले रबर गेले की बहुधा पूर्ण ॲक्सलच बदलावा लागतो. दोन ॲक्सलच्या बाबतीत आणखी एक फरक आहे. कमानपाट्यांच्या दोन जोड्यांमध्ये एक झुलता दुवा असतो आणि खड्ड्यात एक चाक गेले तरी तो भार दोन्ही ॲक्सलवर वाटून देतो. टॉर्शनचे ॲक्सल एकमेकांशी असे जोडलेले नसतात, त्यामुळे ट्रेलर पुढे-मागे अगदी समतल चालला नाही तर एकाच ॲक्सलवर जास्त भार येत राहतो. कामाच्या ट्रेलरला मी कमानपाटेच सुचवतो. नाजूक वस्तू नेणाऱ्यांनी टॉर्शनचा विचार करावा.

ब्रेक विजेचे असतील तर ओढणाऱ्या गाडीत त्यांचा कंट्रोलर बसवावा लागतो आणि सात पिनांचे सॉकेट लागते. धक्क्यावर चालणाऱ्या ब्रेकना कंट्रोलर लागत नाही, कारण गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच ब्रेक लागतात. विजेचे ब्रेक असलेल्या ट्रेलरच्या दांडीवर एक छोटी बॅटरी आणि दोरीने ओढली जाणारी पिन असते. ट्रेलर हिचमधून सुटला तर ती पिन निघून ब्रेक आपोआप लागावेत अशी ती योजना आहे. खरेदीच्या वेळी ती पिन हाताने उपसावी आणि गाडी अगदी हळू पुढे घ्यायला सांगावी. चाके अडली पाहिजेत. वापरलेल्या ट्रेलरमध्ये ही बॅटरी निम्म्या वेळा मेलेली आढळते. सुरक्षा साखळ्या दोन असाव्यात आणि दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावलेल्या असाव्यात, म्हणजे बॉलवर बसणारा दांडीचा कपलर निसटला तरी दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते.

आता खोक्याकडे येऊ. बाहेरचा चकचकीत पत्रा पाहून लोक ट्रेलर पसंत करतात, पण पत्रा हे केवळ अंगावरचे कापड आहे. आतला सांगाडा पाहावा. जमिनीखालचे आडवे दांडे, भिंतीतले उभे दांडे आणि छताच्या कमानी एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे विचारावे. साधारण ४०० मिलिमीटर अंतर चांगले समजले जाते आणि स्वस्त ट्रेलरमध्ये ते ६०० असते. जमिनीला मी ४०० चाच आग्रह धरीन, कारण मोटारसायकलचा स्टँड किंवा कॉम्प्रेसरचा पाय एका बिंदूवर दाबतो आणि दोन दांड्यांच्या मधला प्लाय तिथे लवतो. दांडे चौकोनी नळीचे आहेत की नुसत्या वाकवलेल्या पत्र्याचे, तेही पाहावे. भिंतींना आतून प्लाय लागलेला असेल तर काही दिसत नाही, म्हणून खाली चटई टाकून ट्रेलरखाली जावे, आणि नवा ट्रेलर असेल तर पत्रा चढवण्यापूर्वीचे छायाचित्र मागावे.

बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा ०.६ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. पातळ पत्रा उन्हात लहरींसारखा फुगतो आणि फांदी घासली तरी पोचा पडतो. ०.७५ मिलिमीटर ही मला योग्य मध्यम निवड वाटते. पत्रा स्क्रूने लावलेला असेल तर पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलाव्यामुळे गंज सुरू होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर प्रत्येक स्क्रूखाली तांबूस ओघळ दिसू लागतात. चिकटवलेला पत्रा दिसायला स्वच्छ असतो, पण अपघातात एक तुकडा बदलणे त्यात कठीण जाते. संपूर्ण ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका आणि न गंजणारा असतो. वजनाची मर्यादा आड येत असेल तरच त्याचे जादा पैसे वसूल होतात.

छताविषयी मात्र मी तडजोड करू देणार नाही. छत एकाच अखंड पत्र्याचे असावे आणि मधे उंच, कडांना उतरते असावे. जोड असलेले सपाट छत आज ना उद्या गळते. गळतीबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका ट्रेलरमध्ये मागच्या कोपऱ्यात पाणी ठिबकत होते, म्हणून मी दोन महिने मागच्या सांध्यांवर सीलंट भरत राहिलो. अखेर लक्षात आले की पाणी पुढून, वरच्या काठावरच्या लहान दिव्यांच्या स्क्रूंमधून आत शिरत होते, सांगाड्याच्या पोकळीतून मागे वाहत होते आणि जिथे प्लायचा सांधा सापडला तिथे उतरत होते. तोवर एक रंधा आणि ड्रिलच्या बिट्सचा पूर्ण डबा गंजून गेला होता. तेव्हापासून मी एक साधी परीक्षा घेतो. भर दुपारी ट्रेलरच्या आत जाऊन सगळी दारे बाहेरून लावायला सांगावीत आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे शांत उभे राहावे. छिद्रे असतील तर ती चांदण्यांसारखी चमकतात. मग बाहेरच्या माणसाने नळीने छतावर, दिव्यांवर आणि दाराच्या चौकटीवर पाणी मारावे आणि आतल्या माणसाने हात फिरवत पाहावे. नव्या ट्रेलरवरही ही परीक्षा घ्यावी. कुणाला ते अतिरेकी वाटले तर वाटू द्यावे.

जमिनीला १८ ते १९ मिलिमीटरचा पाणी सोसणारा प्लाय असावा आणि भिंतींना किमान ९ मिलिमीटरचा. भुश्याच्या किंवा चुऱ्याच्या दाबलेल्या फळ्या ओल लागली की फुगतात आणि त्यांत स्क्रू धरत नाही, त्यामुळे मांडण्या बसवणाऱ्याने त्या टाळाव्यात. हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. माल बांधायच्या कड्या मात्र नीट तपासाव्यात. कडीवर लिहिलेला आकडा पुष्कळदा ती तुटण्याच्या भाराचा असतो आणि कामाचा भार त्याच्या एकतृतीयांश धरायचा असतो. शिवाय कडी नुसत्या प्लायला स्क्रूने मारलेली असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ती खालच्या पोलादी दांड्याला बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडलेली असावी, नाही तर तिच्यामागे जाड पट्टी तरी असावी.

मागचे दार रॅम्पचे घ्यावे, कारण मोटारसायकल आणि टेबल सॉ दोन्ही चाकांवरून आत जातील. दोन पाख्यांची दारे हलकी आणि स्वस्त असतात, अरुंद जागेत सोयीची असतात, आणि जे लोक फोर्कलिफ्टने माल चढवतात त्यांना तीच हवीत. रॅम्प उचलायला मदत करणारी स्प्रिंगची तार मात्र दरवर्षी तपासावी. तिचे धागे उसवू लागले की ती त्याच आठवड्यात बदलावी, कारण ताणलेली तार तुटली तर जवळ उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते. आतली उंची आणि दाराची उंची एक नसते. वरच्या पट्टीमुळे दार आतल्या उंचीपेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर लहान असते. मोटारसायकलची काच आणि आरसे धरून दाराचेच माप घ्यावे. बाजूचे दार रस्त्याच्या कडेच्या बाजूला असावे, वाहतुकीच्या बाजूला नको.

टोकदार नाकाचा ट्रेलर घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. त्या नाकाने वाऱ्याचा अवरोध थोडा कमी होतो आणि आत निमुळती जागा मिळते, ती दोऱ्या आणि पट्टे ठेवायला बरी. पण अवरोधाचे मोठे कारण खोक्याची उंची आणि रुंदी हेच आहे. वेग ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर नेला तर अवरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि रिकाम्या खोक्यालाही तो भरलेल्याइतकाच लागतो. गरज नसताना पंधरा सेंटिमीटर जास्त उंची घेऊ नये. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते, ती वाचावी. बारा फूट ही लांबी नाक धरून आहे की सोडून, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दिवे एलईडीचे असावेत, हवा खेळण्यासाठी दोन झरोके असावेत. रंग आपल्याला आवडेल तो घ्यावा, फिकट रंगाचा खोका उन्हात कमी तापतो.

नवा की वापरलेला, याचे उत्तर बहुतांशी तपासणाऱ्यावर अवलंबून आहे. ट्रेलरला इंजिन नसल्यामुळे त्यात लपवण्यासारखे थोडेच असते, आणि जे असते ते तासाभरात सापडते. एक स्क्रूड्रायव्हर, एक जॅक आणि एक बॅटरी (टॉर्च) घेऊन जावे. रॅम्पजवळची जमिनीची कड आणि बाजूच्या दाराखालची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी. टोक लोण्यासारखे आत गेले तर प्लाय कुजला आहे. कमानपाटे जिथे सांगाड्याला जोडलेले आहेत तिथे आणि दांडीच्या मुळाशी वेल्डिंगला बारीक तडा आहे का, ते बॅटरीच्या तिरप्या प्रकाशात पाहावे. ताजा काळा रंग फक्त एवढ्याच ठिकाणी दिसला तर तो का मारला, हे विचारावे. टायर आतल्या किंवा बाहेरच्या एकाच कडेला झिजलेले असतील तर ॲक्सल वाकला असण्याची शक्यता आहे. टायरच्या बाजूवर सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, त्यामुळे नक्षी कोरी दिसत असली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलावे लागतील असे धरूनच भाव करावा.

प्रत्येक चाक जॅकने उचलून हाताने फिरवावे आणि वर-खाली धरून हलवावे. घरघर ऐकू आली किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग गेले आहे. मालकाच्या परवानगीने वीसेक किलोमीटर ट्रेलर ओढून आणावा, ब्रेक फारसे न वापरता थांबावे आणि तळहाताच्या पाठीने प्रत्येक हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, जपून स्पर्शून पाहावा. चारही कोमट असतील तर ठीक. एखादाच हात टेकवेना इतका तापला असेल तर त्याच्यात ग्रीस नाही किंवा त्याचा ब्रेक अडकला आहे. कागदपत्रांवरचा क्रमांक आणि पाटीवरचा क्रमांक जुळत नसेल, किंवा पाटी नवीच चिकटवलेली दिसत असेल, तर भाव कितीही चांगला असो, परत फिरावे. बंदिस्त ट्रेलर चोरीला फार जातात.

ट्रेलर घरी आल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरांत दोन-तीनदा चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, कारण नवी चाके बसताना थोडी ढिली होतात. बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस भरावे. आणि मांडण्या बसवून, रोजचे सगळे सामान भरून, एकदा वजनकाट्यावर जावे. आधी ट्रेलर गाडीपासून सोडवून संपूर्ण ट्रेलरचे वजन घ्यावे, मग तो गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवून दुसरे वजन घ्यावे. दोन्हींतला फरक हा दांडीवरचा भार असतो. आपल्या मालाने तो १६० किलोंच्या खाली आला तर कॉम्प्रेसरचा खण एक-दोन हात पुढे सरकवावा आणि पुन्हा काटा करावा; दोनशेच्या वर गेला तर तोच खण मागे घ्यावा. म्हणून पहिल्या महिन्यात तो खण कायमचा ठोकून बसवू नये, बोल्टवर ठेवावा.